खुलासा: मीटर शून्याला टेकवायची गरज नाही

ग्वाल्हेरच्या गायक-वादकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरतंय: ‘रेकॉर्डिंग करताना मीटर (आवाजाची पातळी दाखवणारा काटा किंवा पट्टी) शून्याला टेकलं नाही तर दर्जा पडतो.’ चूक. हा टेपच्या काळातला सल्ला. फितीची खरखर झाकायला पातळी चढी ठेवत. डिजिटलमध्ये शून्य डीबीएफएसच्या (डिजिटल आवाजपातळीचं एकक) वर जागाच नाही. लहरीचा माथा सपाट कापला जातो, नंतर आवाज उतरवूनही तो परत येत नाही. २४ बिटवर (रेकॉर्डिंगची बारकाई ठरवणारी सेटिंग) सरासरी पातळी उणे १८ डीबीएफएस आणि शिखरं उणे १० ते उणे ६ पुरेत. गेन (माइकचा आवाज किती वाढवून घ्यायचा ते) मात्र आलापावर नव्हे, तार सप्तकातल्या तानेवर लावा (इथेच बहुतेक फसतात). तबल्यासाठी शून्याखाली आणखी मोकळी जागा ठेवा. सरासरी दाखवणाऱ्या मीटरला थापेचं टोक दिसतच नाही. यूट्यूबचं उणे १४ एलयूएफएस (कानाला एकूण किती मोठं वाटतं त्याचं एकक) हे तयार मिक्सचं माप, रेकॉर्डिंगचं नव्हे.