गायरीवरचं नेटवर्किंग

परग्रहावरचं शिष्टमंडळ सिंधुदुर्गात उतरलं ते थेट आमच्या गायरीच्या, म्हणजे शेण-पाचोळा कुजवायच्या खड्ड्याच्या, काठावर. गळ्यात ओळखपत्रं, आठ हातांत आठ व्हिजिटिंग कार्डं. काकी शेणाची पाटी ओतत होती. तिलाच विचारलं, "सीईओ मॅडम आपणच का?" काकीने पाटी झटकली.

विघटन क्षेत्रातल्या या दिग्गजांना गायरी समजावायची म्हणजे माझीच माती.

त्यांचा आग्रह एकच, कुजवण्याचं काम 48 तासांत उरकावं. आंब्याचं पान जाड, मेणचट, लिग्निनने चिवट. त्याला डेडलाइन कळत नाही. पातेऱ्यात, म्हणजे वाळक्या पानांत, कर्ब भरमसाट, नत्र नावाला. सुरुवातीला साधारण 30 भाग कर्बाला 1 भाग नत्र हवं, म्हणून वीतभर पातेऱ्यावर चार बोटं शेणकाला. नुसता पातेरा रचलात तर पुढच्या शिमग्यालाही तो पातेराच. शेण जास्त झालं की अमोनिया नाकात जातो. हा एवढाच मुद्दा पाहुण्यांना दुभाष्याशिवाय कळला.

"टीममध्ये कोण कोण?" आधी जिवाणू. ढीग नीट रचला असेल तर काही दिवसांत 55-60 अंशांवर नेतात. लोखंडी सळई दहा मिनिटं खुपसून ओढा. हातात धरवत नसेल तर कचेरी चालू आहे. गार लागली तर ओल बघा. मूठभर माल दाबल्यावर दोन-चार थेंब यावेत, धार नको. आषाढात मात्र धारच लागते: हवेच्या जागा पाण्याने भरतात, प्राणवायू संपतो, सडका वास सुटतो आणि नत्र वाहत शेजाऱ्याच्या पोफळीला लागतं. वर झावळ्यांचं छप्पर हवंच.

गांडुळांना एवढ्यात भेटायचं नसतं. तापल्या ढिगात सोडलीत तर मरतील. गार झाल्यावर ती आपली येतात, कुणाच्या ओळखीशिवाय. भागीदारी शिकायची तर वाळवीकडून. ती वारुळात बुरशी पाळते, पावसात त्याच बुरशीची अळंबी वर येते आणि नफा आम्ही कालवणात घालतो.

दर तीन आठवड्यांनी ढीग उलथायचा. पाहुण्यांनी याला रीस्ट्रक्चरिंग म्हटलं. फावडं कुणी उचललं नाही.

जाताना एकाने "संपर्कात राहू" म्हणत कार्ड गायरीत सोडलं. काकी वाकून म्हणाली, "ह्या काय कुजूचा नाय."

सहा महिन्यांनी खत चाळलं. चाळणीवर नारळाची दोन सोडणं राहिली आणि ते लॅमिनेट केलेलं कार्ड, फोन नंबरसकट.