आधी स्लॅब, मग अर्ज

छोट्या शहरात घर बांधायला काढलंय ना? मग नगरपालिकेकडे आत्ताच फिरकू नका. आधी जेसीबी बोलवा. खड्डा दिसला की परवाना धावत येतो, असं गल्लीतले सगळे सांगतात, आणि बांधकाम विभागापेक्षा गल्लीला जास्त कळतं. शिवाय शहर छोटं. बांधकाम निरीक्षक कुणाच्या तरी साडूचे मित्र निघतातच. ओळख निघाली की सामासिक अंतरं, म्हणजे घर आणि हद्द यांत मोकळी सोडायची जागा, आपोआप वाढतात.

तरीही अर्ज करायची हौसच असेल, तर हद्दीची मोजणी तेवढी करून घेऊ नका. कुंपण आहे ना, तीच हद्द. खांब रोवणाऱ्यानं खडक लागला तिथे हातभर बाजूला सरकून खड्डा घेतला असेल, पण एवढं कोण बघतं? कागदावर 3 मीटर अंतर दाखवा आणि जागेवर कुंपणापासून मोजा. वरची बाल्कनी बाहेर येणार आहे आणि गिलाव्यालाही जाडी असते, याबद्दल तोंडातून ब्र काढू नका. जोतं भरून होईपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही, आणि नंतर ते तोडण्याशिवाय काही करता येत नाही.

आर्किटेक्टकडून नकाशा आला की न वाचता सही ठोका. प्लॅनमध्ये जिन्याला 17 चढ, सेक्शनमध्ये, म्हणजे घराच्या उभ्या छेदात, 18, हे दिसलं तरी गप्प बसा. मजला 3 मीटरचा असेल तर 18 चढांना प्रत्येकी सुमारे 167 मिमी येतात, 17 ला 176. कुठलं बांधायचं ते गवंडी ठरवेल. दारं-खिडक्यांच्या तक्त्यात खिडकी 1.2 मीटरची आणि नकाशात 1.5 ची असली तर उत्तमच. फाइल तपासणाऱ्यालाही काही सापडायला हवं. मग त्रुटींचं पत्र येईल. त्यातली एकच त्रुटी दुरुस्त करा, बाकीच्या पुढच्या खेपेला. फाइल दर वेळी रांगेच्या शेपटाला जाते, आणि अशा कचेरीत बहुतेकदा फाइल तपासणारा माणूस एकच असतो. जागेवर जाणारा तोच, रजेवर जाणाराही तोच. नंतर ‘तिथे काही हलतच नाही’ असं सांगत फिरायला तुम्ही मोकळे.

परवाना हाती आला की मंजूर नकाशाची प्रत घरच्या कपाटात कुलूपबंद ठेवा. साइटवर ती कुणी मागितलीच तर मोबाइलवरचा अंधुक फोटो दाखवा. परवान्याच्या अटी तर मुळीच वाचायच्या नाहीत. कुठल्या टप्प्याला तपासणी मागायची ते त्यात असतं: आखणी, पायाची सळई, जोतं, स्लॅबची सळई, भिंतीत गाडायच्या नळ्या आणि वायरी, शेवटी सगळं घर. या साऱ्याचा अर्थ एवढाच, की झाकण्याआधी दाखवा. तुम्ही दाखवण्याआधी झाका.

पायात तर कलाकारीला भरपूर वाव आहे. मातीकडच्या सळईला साधारण 50 ते 75 मिमी काँक्रीटचं कव्हर, म्हणजे सळईबाहेरचा थर, लागतं, म्हणून जाळीखाली सिमेंटचे कव्हर ब्लॉक ठेवतात. ते कशाला? विटेचे तुकडे पडलेत की. वीट ओल पिते, ओल सळईला लागते, सळई गंजून फुगते आणि आतून काँक्रीट फोडते. पण त्याला वर्षं लागतात, तोवर ठेकेदाराचा हिशेब मिटलेला असतो. 12 मिमीच्या सळईला 600 मिमीच्या आसपास लॅप, म्हणजे दोन सळया एकमेकींना लगटून ठेवायची लांबी, हवा, तुम्ही 300 वर भागवा. सगळे लॅप एकाच रेषेत घ्या, दिसायला शिस्तशीर दिसतं. कॉलमच्या उभ्या सळयांना वेढणाऱ्या रिंगांचे हूक 135 अंशांत आत वळवायचे असतात. 90 वर सोडले की फिटर लवकर घरी जातो. भूकंपात वरचं कव्हर गळालं की हे हूक उघडतात, पण रोज थोडाच भूकंप होतो?

तपासणीची वेळ घ्यायचीच झाली, तर काँक्रीटची गाडी येते तीच घ्या. मालाला दीड-दोन तासांची मुदत. गेटाशी ड्रम फिरतोय, निरीक्षक वाकून टेप लावतायत, ‘इथे ब्लॉक नाहीत, इथे रिंगा विरळ’ म्हणतायत, आणि सेंटरिंगवाला तुमच्या तोंडाकडे बघतोय. आता गाडी परत पाठवायची, की दुरुस्ती होईपर्यंत ड्रममध्ये पाणी सोडून माल सैल ठेवायचा? पाणी सोडा. पाण्यानं ताकद घटते हे खरं, पण ते त्याच मालाचा नमुना म्हणून भरलेला क्यूब 28 दिवसांनी फोडल्यावर कळतं. क्यूब भरलेच नाहीत तर कळायचा प्रश्नच मिटला.

मधेच स्वयंपाकघराची भिंत सरकवावीशी वाटली तर सरकवा. सुधारित नकाशा मंजूर करून घेणं हे भित्र्या लोकांचं काम.

न्हाणीघरात सांडपाण्याच्या 100 मिमी नळीला उतार द्यायचा तो 1:40 च्या आसपास. तो लेव्हल ट्यूबनं, म्हणजे पाणी भरलेल्या पारदर्शक नळीनं, तपासायचा, नळीची तोंडं बंद करून पाणी भरायचं आणि पातळी खाली जाते का ते बघायचं. एवढा खटाटोप करण्यापेक्षा फरशी घाला. गळती असेल तर खालच्या मजल्याचं छत न चुकता कळवतं.

आणि जिना. तो तुम्ही 167 च्या समान चढांनी ओतलात, छान. आता दोन्ही मजल्यांवर भराव आणि फरशी मिळून 70 मिमी घाला, पायऱ्यांवर मात्र 30. पहिला चढ 127 चा होतो, शेवटचा 207 चा, मधले सगळे 167 चे. डोळ्यांना हा फरक सहज दिसत नाही, पायाला मात्र लागतो. निरीक्षकांच्या टेपलाही लागतो, कारण जिन्यात ते हमखास पहिली आणि शेवटची पायरी मोजतात. सुरुवातीलाच फरशीची जाडी धरून टोकाच्या दोन पायऱ्या ओतल्या असत्या तर फोडाफोडी टळली असती, पण मग ग्रॅनाइटवाल्याला दुसऱ्यांदा काम कसं मिळणार?

भोगवटा प्रमाणपत्राची वाट तर बघूच नका. सामान हलवा आणि सर्वांत जड कपाट नेमकं विजेच्या डीबीसमोर, म्हणजे मुख्य स्विचांच्या पेटीसमोर, लावा. शेवटच्या तपासणीत त्या पेटीतल्या 30 मिलिअँपिअरच्या आरसीसीबीचं, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणाऱ्या स्विचचं, टेस्ट बटण दाबायला सांगतील, तेव्हा कपाट सरकवायला चार माणसं लागतील. त्यांना आधी सांगून ठेवा आणि नवी फरशी ओरखडू नये म्हणून कपाटाखाली गोणपाट घाला.