वेग वाढवला तरी कॉल का अडकतो?

इंटरनेट मंद झालं की पहिला सल्ला ठरलेला असतो: जास्त एमबीपीएसचा प्लॅन घ्या. मला हा सल्ला खटकतो. व्हिडिओ कॉलमध्ये आवाज तुटतो तेव्हा पुष्कळदा वेग पुरेसा असतो. पॅकेट, म्हणजे माहितीचा छोटा तुकडा, मात्र कुठल्यातरी राउटरच्या रांगेत खोळंबलेलं असतं.

पॅकेटचा वेळ चार ठिकाणी जातो. राउटर पत्ता वाचून वाट ठरवतो, हा वेळ अगदीच किरकोळ. मग पॅकेटचे सगळे बिट लिंकवर, म्हणजे पुढे नेणाऱ्या जोडणीवर, चढवायचे: १५०० बाइट म्हणजे १२,००० बिट, १० एमबीपीएसच्या (सेकंदाला एक कोटी बिट) लिंकवर १.२ मिलिसेकंद. तिसरा वेळ प्रत्यक्ष प्रवासाचा. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे हजार किलोमीटरला ५ मिलिसेकंद. भूस्थिर उपग्रह ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो, त्यामुळे संदेश वर जाऊन खाली यायलाच पाव सेकंदाच्या आसपास लागतो, आणि त्यावर कोणाचाच इलाज नाही. हे तिन्ही वेळ बऱ्यापैकी ठरलेले. चौथा रांगेतला. तो शून्य असू शकतो, नाहीतर सेकंदभरही, आणि तोच आपल्या हातात असतो.

या रांगेचं गणित इंटरनेटच्या कितीतरी आधीचं आहे. कोपनहेगन टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या ए. के. एरलांग यांनी १९०९ साली टेलिफोन कॉलना संभाव्यतेचं गणित लावलं आणि १९१७ मध्ये, किती लाइन ठेवल्या तर किती कॉल परत जातील याची सूत्रं दिली. कॉल ठरवून येत नाहीत, कधी एकदम चार येतात आणि कधी बराच वेळ एकही नाही, हे त्यांनी गणितात मांडलं.

सगळ्यात साधं मॉडेल म्हणजे एक रांग, एक लिंक आणि पॅकेटं येण्याला व त्यांच्या लांबीला काही ठराविक ताल नाही. एका पॅकेटला लागणारा सरासरी वेळ, म्हणजे रांगेतला अधिक लिंकवर चढण्याचा, काढायचा तर चढण्याच्या वेळेला 'एक वजा भार' या संख्येने भागायचं; भार म्हणजे लिंकचा किती हिस्सा वापरात आहे, ८० टक्के असेल तर ०.८. वरच्या १.२ मिलिसेकंदांचं बघा. लिंक निम्मी भरलेली असेल तर २.४. ८० टक्के भरली की ६. ९० टक्क्यांना १२. आणि ९९ टक्क्यांना १२०! शेवटच्या ९ टक्क्यांनी वेळ दसपट केला.

असं होतं कारण लिंकचा रिकामा गेलेला क्षण साठवून ठेवता येत नाही. दोन क्षण शांततेत गेले आणि तिसऱ्याला पाच पॅकेटं एकदम आली, तर आधीची शांतता त्यांच्या काही कामाची नाही. खऱ्या नेटवर्कवरचा ट्रॅफिक या मॉडेलपेक्षाही जास्त झुंडीने येतो, त्यामुळे तिथे रांग याहून आधीच वाढू लागते.

म्हणून 'आमची लिंक ९५ टक्के वापरात असते' हे कोणी अभिमानाने सांगितलं की मला काळजी वाटते. मोकळी ठेवलेली क्षमता हा अपव्यय नाही, वेळेवर पोहोचण्याची ती किंमत आहे. तसंच, ५-५ एमबीपीएसच्या दोन वेगळ्या लिंकपेक्षा १० ची एकच सामाईक लिंक बरी: भार तेवढाच, पण याच मॉडेलप्रमाणे सरासरी वेळ निम्मा.

आता बफर. पॅकेट गळू नये म्हणून उपकरणांमध्ये मोठमोठे बफर, म्हणजे रांगेतली पॅकेटं ठेवायची जागा, घातले गेले. टीसीपी, म्हणजे इंटरनेटवर पॅकेटं किती वेगाने पाठवायची हे ठरवणारी नियमावली; तिचे रूढ प्रकार पॅकेट गळेपर्यंत वेग वाढवत राहतात, म्हणजे आधी बफर भरतो आणि मगच वेग आवरला जातो. १० एमबीपीएसच्या अपलोडवर सव्वा एमबीचा भरलेला बफर म्हणजे पूर्ण एक सेकंदाची रांग. घरातल्या एकाने फोटो अपलोडला लावले की दुसऱ्याचा कॉल मेलाच. २०१०-११ च्या सुमारास संगणकतज्ज्ञ जिम गेटिस यांनी हा प्रश्न 'बफरब्लोट' नावाने चव्हाट्यावर आणला. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी 'कोडेल' हे रांग आवरण्याचं तंत्र मांडलं. रांग किती लांब आहे हे न बघता पॅकेट किती वेळ थांबलं ते बघायचं. थांबा ५ मिलिसेकंदांच्या वर टिकून राहिला की पॅकेटं टाकायला सुरुवात करायची. मुद्दाम पॅकेट टाकून सेवा सुधारते, ही कल्पना मला अजूनही विलक्षण वाटते.

आणि तरी जाहिरातीत फक्त एमबीपीएस! लिंक पूर्ण भरलेली असताना लेटन्सी, म्हणजे पॅकेट पोहोचायला लागणारा वेळ, किती, हा आकडा प्रत्येक प्लॅनसोबत छापणं सक्तीचं करायला हवं, असं माझं ठाम मत आहे. तोवर स्वतः मोजा: एका खिडकीत पिंग (पॅकेट जाऊन परत यायला किती वेळ लागतो ते मोजणारा प्रोग्राम) चालू ठेवा, दुसरीकडे मोठी फाइल अपलोडला लावा. पिंग २० वरून ६०० मिलिसेकंदांवर गेला, तर महागडा प्लॅन घेण्याआधी राउटरच्या सेटिंगमध्ये एसक्यूएम किंवा एफक्यू-कोडेल (रांग आटोक्यात ठेवणाऱ्या सोयी) आहे का बघा, आणि त्यात अपलोडची मर्यादा खऱ्या वेगाच्या थोडी खाली ठेवा, म्हणजे रांग तुमच्याच राउटरमध्ये, तुमच्या ताब्यात राहील.