कंत्राटात पैसे जास्त, हे कुणी मोजून पाहिलंय का?

डिप्लोमा आणि इंजिनिअरिंगच्या पोरांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर सध्या एक मजकूर जोरात फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: पर्मनंटचे दिवस गेले. कंत्राटावर पैसे जास्त मिळतात, शिकायला जास्त मिळतं, हवं तेव्हा सोडता येतं, आणि वेळ आली की कंपनी पर्मनंटवाल्यालाही काढतेच. मिरज-कुपवाडच्या एमआयडीसीत, साताऱ्यात, नाहीतर कराड-वाळव्याकडून चाकणला निघालेली मुलं हे वाचून निर्णय घेताहेत. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

त्याआधी एक गोष्ट. कंत्राटावर काम करणारे सगळे एका प्रकारचे नसतात. एक असतो स्वतःचं बिल लावणारा सल्लागार. पंधरा-वीस वर्षं ऑटोमेशन किंवा सॅप (कंपन्यांचा कारभार चालवणारं सॉफ्टवेअर) कोळून प्यालेला, दर स्वतः सांगणारा. दुसरा कंपनीच्याच पेरोलवर, पण ठरावीक मुदतीसाठी. तिसरा ठेकेदाराच्या पेरोलवर. काम कंपनीत, पगार दुसऱ्याकडून. त्या मजकुरात सांगितलेले फायदे पहिल्याचे आहेत. आपल्याकडच्या बावीस वर्षांच्या मुलाची गाठ बहुतेक वेळा तिसऱ्याशी पडते.

आता पैसे. समजा एकीकडे कंपनीत कायम नोकरी, पगार ३२,००० आणि त्यात बेसिक १६,०००. दुसरीकडे कंत्राट, महिना ४०,०००, पण रोजावर. आलात तर पैसे. आठ हजारांचा फरक डोळ्यात भरतो. मात्र कायम नोकरीत वर्षाला रजा आणि सणाच्या सुट्ट्या मिळून २५ दिवस भरपगारी धरले, तर महिन्याच्या २६ दिवसांच्या हिशेबाने कंत्राटवाल्याचे वर्षाला साधारण ३८,५०० रुपये तिथेच जातात. म्हणजे महिन्याला ३,२००. पीएफमध्ये कंपनीचा वाटा १५,००० च्या मर्यादेवर १२ टक्के, म्हणजे १,८००. ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना मिळणारी रक्कम, वर्षाला १५ दिवसांच्या बेसिकची, ती महिन्याला ७७० च्या आसपास पडते. घरच्यांचा मेडिक्लेम स्वतः काढला आणि वर्षाला १८,००० धरले, तर आणखी १,५००. बेरीज ७,२७०. चाळीस हजारांचे झाले ३२,७३०. एक कंत्राट संपून दुसरं मिळेपर्यंत वर्षात एकच महिना घरी बसावं लागलं, तर महिन्याचे आणखी ३,३०० गेले, आणि आकडा कायम नोकरीच्या खाली आला.

ठेकेदार म्हणेल, आम्ही पीएफ भरतो. भरत असेलही. मग विचारा, मालकाचा वाटा या ४०,००० च्या वर आहे की याच्यातूनच कापणार? अनेक ठिकाणी दोन्ही वाटे त्याच आकड्यातून जातात, आणि मुलाला ते पहिली पगार स्लिप हातात आल्यावर कळतं. माझं म्हणणं असं नाही की कंत्राट कधीच परवडत नाही. वरच्या हिशेबात ४०,००० च्या जागी ५५,००० टाका, उत्तर बदलतं. पण कंत्राटाचा आकडा कायम नोकरीच्या पगाराच्या दीडपटीच्या खाली असेल तर कागद-पेन घेऊन बसल्याशिवाय हो म्हणू नका.

‘कंत्राटात शिकायला जास्त मिळतं’ हा मुद्दा मला सगळ्यात जास्त टोचतो, कारण तो अर्धा खरा आहे. साताऱ्याकडच्या चाळकेवाडी-वनकुसवडेच्या पठारावर पवनचक्क्यांच्या देखभालीवर असलेला मुलगा दोन वर्षांत गिअरबॉक्स, ब्रेक, कंट्रोल पॅनल सगळं हाताळतो आणि पुढे राजस्थान-गुजरातच्या साइटवर जाऊ शकतो. त्या वयात ते सोनं आहे. पण कारखान्याच्या आतलं चित्र पाहा. मशीन बंद पडलं की पॅनल उघडायला कंत्राटी मुलगाच पुढे असतो. रिले बदलतो, वायरच्या टोकाला फेरूल (धातूची टोपी) लावतो, सेन्सर साफ करतो. पीएलसीला, म्हणजे मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरला, लॅपटॉप जोडायची वेळ आली की केबल कंपनीच्या इंजिनिअरकडे आणि पासवर्डही त्याच्याकडेच. प्रोग्रॅममध्ये काय बदललं, हे मुलाला स्क्रीनच्या मागून दिसत नाही. अशी तीन वर्षं गेली, तर बायोडेटात तीन वर्षं दिसतात आणि मुलाखतीत पहिल्या सहा महिन्यांचंच ज्ञान निघतं. शिकणं कंत्राटावर ठरत नाही, तुम्हाला कशाला हात लावू देतात यावर ठरतं. जॉइन होण्याआधी तिथे काम करणाऱ्या एखाद्या दादाला गाठून एवढं एकच विचारा.

‘हवं तेव्हा सोडता येतं’ यावर फार लिहायची गरज नाही. कराराचा कागद वाचा. ठेकेदाराने काढायचं तर सात दिवस आणि तुम्ही सोडायचं तर एक महिना, अशी कलमं असतात. कुणी मूळ मार्कशीट ठेवून घेत असेल तर तिथूनच परत फिरा.

आणि पर्मनंटलाही काढतातच? हो, काढतात. ते नाकारण्यात अर्थ नाही. फरक काढण्याच्या पद्धतीत आहे. कायद्याच्या व्याख्येत बसणाऱ्या कामगाराची, आणि तांत्रिक काम करणारा त्यात येतो, एक वर्ष सलग सेवा झाली असेल, तर कपात करताना एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार आणि प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांची भरपाई द्यावी लागते. ठेकेदाराच्या माणसाचं गेट पास रद्द झालं की बऱ्याचदा त्याला फोनवरच कळतं. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये स्टील अथॉरिटीच्या खटल्यात स्पष्ट केलंय की कंत्राट पद्धत बंद केली तरी कामगार आपोआप मूळ कंपनीचे होत नाहीत. ‘दोन वर्षं काढ, मग पर्मनंट करतो’ या तोंडी आश्वासनामागे कायदा उभा नाही, हे मुलांना कुणी सांगत नाही.

या सगळ्यात मधला रस्ता, म्हणजे कंपनीच्याच पेरोलवरची मुदतीची नेमणूक, मात्र झाकला जातो. आपल्या भागाला तो नवा नाही. साखर कारखान्यातला हंगामी कामगार बारमाही नसतो, तरी बिगरहंगामात त्याला रिटेन्शन अलाउन्स (काम नसतानाचा भत्ता) असतो आणि पुढच्या गळिताला त्याला परत बोलावतात, कारण तसं वेतन करारात लिहिलेलं आहे. मुदतीची नेमणूक केंद्र सरकारने २०१८ मध्ये सगळ्या उद्योगांना खुली केली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनुसार (जुने कामगार कायदे एकत्र करून केलेले नवे कायदे) अशा माणसाला कायम कामगाराइतकेच लाभ आणि एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी मिळायला हवी. कंपनीच्या पेरोलवर तीन वर्षांची लेखी नेमणूक आणि ठेकेदाराकडे अकरा महिन्यांची, यात निवड असेल तर पगार दोन हजारांनी कमी असला तरी मी पहिलीच घ्यायला सांगेन. गृहकर्जाला बँक पगार स्लिप आणि फॉर्म १६ मागते, तेव्हाही त्यावर कुणाचं नाव आहे हे बघितलं जातं.

जे आधीच ठेकेदाराकडे आहेत, त्यांनी घाबरून जायचं कारण नाही. सरकारच्या उमंग अॅपवर पीएफचं पासबुक दर महिन्याला बघा. कापलेले पैसे जमा होतात का ते तिथे दिसतं. ठेकेदाराने पगार थकवला तर तो देण्याची जबाबदारी मूळ कंपनीवर येते. हे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात होतं आणि नव्या संहितेतही आहे. तक्रारीसाठी सांगलीत आणि साताऱ्यात कामगार आयुक्तालयाचं कार्यालय आहे. जाताना नेमणुकीचा कागद, गेट पासची झेरॉक्स आणि बँकेचं स्टेटमेंट बरोबर न्या. हजेरीचे फोटो असतील तर तेही.