घरशाळेतली मुले दोन महिने नुसते सणच करतात का?

सहामाही परीक्षा संपून दिवाळीच्या सुट्टीचे वेध लागले की नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटांतून एक मजकूर हमखास फिरू लागतो. यंदा तो मला तिघांकडून आला आणि त्यांतल्या एका मावशींनी खाली "वाईट वाटून घेऊ नकोस, पण वाच" अशी ओळही जोडली होती. मजकुराचा सारांश असा: मुलांना शाळेत न घालता घरी शिकवणे हा गुन्हा आहे आणि त्यासाठी पालक तुरुंगात जातात, नवरात्रापासून तुळशीच्या लग्नापर्यंत अशा घरांत अभ्यास होतच नाही, नुसते सण होतात, मुले एकलकोंडी निपजतात, पुढे दहावीचे प्रमाणपत्र मिळत नाही, आणि या सगळ्यात आईचा बळी जातो. आमची मुलगी आठ वर्षांची आणि मुलगा साडेपाच वर्षांचा असून दोघेही घरीच शिकतात, त्यामुळे या वादात मी तटस्थ नाही, हे आधीच सांगते. सणाच्या धावपळीत राहून गेलेले उत्तर आता, तुळशीचे लग्नही आटोपल्यावर, लिहिते आहे.

गुन्ह्याचा मुद्दा आधी घेऊ, कारण लोक घाबरतात ते त्यालाच. २००९चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१०पासून लागू झाला आणि तो ६ ते १४ वर्षे वयाच्या मुलांना लागू आहे. म्हणजे माझ्या धाकट्याला तो अजून लागूही होत नाही. कायद्याच्या कलम १०मध्ये मुलाला जवळच्या शाळेत दाखल करणे हे पालकाचे कर्तव्य म्हटले आहे, हे खरे आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. मात्र हे कर्तव्य न पाळणाऱ्या पालकाला दंड किंवा कैद अशी कोणतीही शिक्षा त्या कायद्यात नाही. दंडाच्या तरतुदी आहेत त्या देणगी उकळणाऱ्या आणि मान्यतेशिवाय चालणाऱ्या शाळांसाठी. तेव्हा घरशाळेला कायद्याने स्पष्ट परवानगी दिली आहे असे मी म्हणणार नाही, पण "पालक तुरुंगात जातात" हे वाक्य ज्याने लिहिले त्याने कायदा उघडूनही पाहिलेला नाही. वयाने मोठे झालेले मूल पुढे शाळेत जाऊ इच्छित असेल, तर त्याला वयानुरूप वर्गात प्रवेश देण्याची तरतूद याच कायद्याच्या कलम ४मध्ये आहे. परतीचा रस्ता उघडा आहे, याचा अनेकांना पत्ताच नसतो.

आता सणांचा मुद्दा. येथे मला थोडे विस्ताराने लिहायचे आहे, कारण मजकूर लिहिणाऱ्याची सगळ्यात मोठी गफलत इथेच झाली आहे. अभ्यास म्हणजे वही उघडून बसणे, एवढाच अर्थ धरला तर आश्विन-कार्तिकात आमच्या घरी अभ्यास कमी होतो, हे मान्य. पण काय घडते ते पाहा. हादग्याच्या जुन्या रिवाजात पहिल्या दिवशी एक खिरापत, दुसऱ्या दिवशी दोन, अशी रोज एकेक वाढत जाते. आमच्या सोसायटीतला भोंडला नऊच दिवसांचा असतो आणि खिरापत रोज एकच असते. पण जुना रिवाज पाळायचा ठरवला तर नऊ दिवसांत एकूण किती खिरापती कराव्या लागतील, हा प्रश्न मुलीने स्वतःच काढला. पावट्याच्या दाण्यांच्या ओळी मांडून तिने ४५ हे उत्तर मिळवले आणि मग सोळा दिवसांच्या हादग्यासाठी १३६ हा आकडा काढायला तिला दोन संध्याकाळी लागल्या. खंडेनवमीला धाकट्याने पाटीवर एक-एकच्या आकड्यांची सरस्वती काढली. जूनपासून तो एकचा आकडा उलटा काढत होता, तो त्या दिवशी सुलटा झाला. (पुढच्या आठवड्यात पुन्हा उलटा झाला, हेही नोंदवते.) दसऱ्याला बाजारातून आणलेल्या "सोन्या"त आपट्याची पाने किती आणि कांचनाची किती, याची निवड दोघांनी जमिनीवर कागद पसरून केली. आपट्याचे पान लांबीपेक्षा रुंदीला जास्त आणि राठ असते, कांचनाचे मोठे आणि लांबट असते, एवढे एकदा डोळ्यांना कळले की विक्रेत्याने सोने म्हणून काय दिले आहे तेही कळते.

सगळ्यात जास्त दिवस पुरला तो दिवाळीच्या तारखेचा प्रश्न. लक्ष्मीपूजन २०२३मध्ये १२ नोव्हेंबरला होते, २०२४मध्ये १ नोव्हेंबरला आणि यंदा, २०२५मध्ये, २१ ऑक्टोबरला. जुन्या दिनदर्शिका काढून या तारखा लिहिल्यावर दर वर्षी अकरा दिवस मागे, ही गंमत मुलीच्या ध्यानात आली आणि पुढच्या वर्षी दिवाळी १० ऑक्टोबरला येणार, असे तिने ठामपणे जाहीर केले. नवी दिनदर्शिका आल्यावर तिथे ८ नोव्हेंबर निघाली. तिचा चेहरा उतरला, आणि खरे शिकणे तिथून सुरू झाले: चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, सौरवर्ष ३६५ दिवसांचे, अंतर अकरा दिवसांचे आणि ते भरून काढायला २०२६मध्ये येणारा अधिक ज्येष्ठ. कोजागरीला गच्चीवर पाहिलेला चंद्र पुढच्या रात्री उशिरा का उगवतो, हा प्रश्नही मग याच वहीत गेला. किल्ल्याबद्दल लिहीत नाही. गोणपाट, विटा, माती आणि अळीव यांतून मुले काय शिकतात, हे महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगण्याची गरज नाही.

यावर "शाळेतली मुलेही हे करतातच" असे कोणी म्हणेल, आणि ते बरोबर आहे. मीही शाळेत जाऊनच किल्ले केले. फरक इतकाच, की प्रश्न पडला त्या दिवशी त्याच्या मागे जायला आम्हाला वेळ असतो आणि सहामाहीची उजळणी मध्ये येत नाही. तासांचा हिशेब करायचाच असेल तर शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० कामाचे दिवस आणि ८०० तासांचे अध्यापन सांगितले आहे. ८०० तास वर्षाच्या ३६५ दिवसांवर पसरले तर दिवसाला सव्वादोन तासही होत नाहीत. ही तुलना काटेकोर नाही, पण "पाच तास बसवल्याशिवाय मूल शिकत नाही" या गृहीतकाला धक्का द्यायला ती पुरेशी आहे.

एकलकोंडेपणाचा आक्षेप निराधार नाही, फक्त त्याचा महिना चुकला आहे. शरदात आमच्या मुलांना एकटे राहायला सवडच मिळत नाही. भोंडल्यात पाटावरच्या हत्तीभोवती तीन वर्षांच्या मुलीपासून सत्तरीच्या आजींपर्यंत सगळ्या फेर धरतात. खरी अडचण जुलैत असते. बाहेर पाऊस, सोसायटीतली मुले दुपारपर्यंत शाळेत आणि नंतर शिकवणीला, आणि आमची दोघे खिडकीत. त्या महिन्यांसाठी आम्ही कबड्डीचा वर्ग लावला, तरीही काही दुपारी मुलीला मैत्रिणींचा डबा आणि मधली सुट्टी यांचा हेवा वाटतो, हे मी नाकारणार नाही.

प्रमाणपत्राबद्दल थोडक्यात. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था १९८९पासून काम करते आहे आणि तिच्या मुक्त मूलभूत शिक्षणाच्या तीन पातळ्या तिसरी, पाचवी आणि आठवीशी समकक्ष आहेत. दहावी आणि बारावीही तिथून देता येते. राज्याचे मुक्त विद्यालय मंडळही आहे. हो, शाळेत नाव नसल्यामुळे शिष्यवृत्ती परीक्षेला मुलगी बसू शकणार नाही, आणि खासगी शाळांतल्या वंचित आणि दुर्बल घटकांसाठीच्या २५ टक्के राखीव जागा प्रवेशाच्या पहिल्याच वर्गात मिळतात, त्यामुळे ज्या कुटुंबाचा त्या जागेवर हक्क आहे त्याने तो सोडण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा.

राहिला आईचा बळी. मजकुरातला हा एकच मुद्दा वाचताना मी थांबले. घरशाळा चालते ती कुणाच्या तरी दिवसभराच्या वेळावर, आणि बहुतेक घरांत तो वेळ बाईचा असतो. माझी नोकरी मीच सोडली, नवऱ्याने नाही. ज्या घरात दोघांच्या पगाराशिवाय भागत नाही, तिथे हा पर्यायच उरत नाही. पण मजकूर यावरून निष्कर्ष काढतो तो मुलांना शाळेत घाला असा. काम वाटून घ्या असा नाही. शाळेत जाणाऱ्या मुलांच्या घरीही डबा, गृहपाठ आणि दिवाळीचा फराळ कोण करते, हे त्याला दिसलेले नाही. आमच्याकडे यंदा फराळ नवरा आणि मुलगी यांच्याकडे होता. चकलीच्या भाजणीचे प्रमाण तिने निमपट करून लिहून घेतले, मोहनाचे मात्र निमपट करायचे राहून गेले, आणि पहिला घाणा तेलात विरघळला. चूक कोणत्या ओळीत झाली, ते तिने वहीत लाल पेन्सिलीने खूण करून ठेवले आहे.