मधुमेही उंदरास हमखास गुण

फार्मसी महाविद्यालयात नव्याने रुजू झालेल्या, पदोन्नतीसाठी शोधनिबंधांचा आकडा गाठू पाहणाऱ्या प्राध्यापक मित्रांनो, तुमच्यासाठी वनौषधी संशोधनासारखे निर्धोक क्षेत्र दुसरे नाही. येथे प्रयोग फसत नाहीत. ते फसू नयेत अशी सगळी तजवीज आपल्या पूर्वसूरींनी करून ठेवलेली आहे, तुम्ही फक्त मळलेली वाट सोडू नये.

आधी रोग ठरवावा. मधुमेह उत्तम, कारण ‘भारत ही मधुमेहाची राजधानी आहे’ हे प्रस्तावनेचे पहिले वाक्य आयते मिळते. वनस्पती शोधायला लांब जाऊ नये. महाविद्यालयाच्या कुंपणालगत जे उगवले असेल ते चालेल, फक्त त्यावर आधी कोणी निबंध लिहिलेला नसावा. तिची फुलाफळांसह एक फांदी पुण्याच्या कोरेगाव रस्त्यावरील भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या कार्यालयात नेऊन ओळखीचे प्रमाणपत्र घ्यावे आणि परत येताना काष्ठौषधींच्या दुकानातून त्याच नावाची पाच किलो भुकटी विकत आणावी. प्रमाणपत्र फांदीचे आणि प्रयोग भुकटीचा, या व्यवस्थेत कोणाचीच गैरसोय होत नाही. बाजारात अशोकाच्या सालीच्या नावाखाली रस्त्याकडेच्या खोट्या अशोकाची साल खपते, हे आयुर्वेदातील द्रव्यगुणाचे, म्हणजे औषधी वनस्पतींच्या ओळखीचे आणि गुणांचे, पुस्तक उघडणाऱ्या प्रत्येकाला माहीत असते. म्हणून पुस्तक उघडू नये. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे नोंदवले, तेव्हा आयुष मंत्रालयाचे म्हणणे पडले की ती वेल गुळवेलीची दुसरीच जात असू शकेल. नेमके काय पोटात गेले यावर एवढा वाद होऊ शकतो, हे पाहता आपली भुकटी लवकरात लवकर वापरून संपवलेली बरी.

आता अर्क. परंपरेने काढा पाण्यात करायला सांगितला असला तरी तुम्ही सॉक्सलेट नावाचे काचेचे उपकरण लावून मिथेनॉलमध्येच काढावा, कारण सगळे तसेच करतात. प्रस्तावनेत मात्र ‘आपल्या प्राचीन ग्रंथांत या वनस्पतीचा उल्लेख आढळतो’ असे अवश्य लिहावे. तो ग्रंथ खरोखर वाचण्याचे परिणाम काय होतात, ते चीनच्या संशोधक तू यूयू यांच्या उदाहरणावरून ध्यानात घ्यावे. मलेरियावरच्या वनस्पतीचा गरम करून काढलेला अर्क नीट काम देईना, तेव्हा या बाईंनी सुमारे सोळाशे वर्षांपूर्वीची गे होंग नावाच्या वैद्याची पोथी काढली. तीत झाड पाण्यात भिजवून पिळून त्याचा रस प्यायला सांगितले होते, उकळायला नव्हे. त्यावरून उष्णता घात करीत असावी, असे त्यांनी ताडले, कमी तापमानाला उकळणाऱ्या ईथरमध्ये अर्क काढला आणि त्यातून आर्टेमिसिनिन हे मलेरियावरचे औषध हाती आले. नोबेल मिळाले ते २०१५ मध्ये, म्हणजे चार दशकांहून अधिक काळाने. तुमची मुलाखत पुढच्या जूनमध्ये आहे.

अर्क तयार झाला की त्याची अँटिऑक्सिडंट चाचणी करावी. डीपीपीएच या रसायनाचे जांभळे द्रावण पिवळे पडते आणि आलेख सुरेख येतो. कँटीनमधला चहा टाकला तरी ते पिवळे पडते, परंतु चहा टाकून पाहण्याची सक्ती कोणत्याही नियमात नाही.

मग उंदीर. स्ट्रेप्टोझोटोसिन हे रसायन टोचून त्यांच्या स्वादुपिंडातील इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकाव्यात. आपल्या काकांना चाळिशीनंतर, पोट सुटल्यावर जो मधुमेह झाला तो असा होत नाही, ही शंका विद्यार्थ्याने काढलीच तर त्याला सहा-सहा उंदरांचे गट पाडायला बसवावे. अर्काची मात्रा दर किलो वजनाला २०० आणि ४०० मिलिग्रॅम अशी ठेवावी, आणि निकालात मोठी मात्रा लहान मात्रेपेक्षा सरस ठरावी. येथे एक हिशेब चुकूनही करू नये. उंदराची मात्रा माणसाला लावताना साधारण ६.२ ने भागतात, म्हणजे मोठ्या मात्रेसाठी साठ किलोच्या माणसाला रोज जवळजवळ चार ग्रॅम अर्क लागेल. शंभर ग्रॅम पाल्यातून दहा ग्रॅम अर्क निघत असेल तर झाला रोजचा चाळीस ग्रॅम वाळलेला पाला, जन्मभर. एवढे तर शेळीही कुरकुरत खाईल.

उंदरांकडे गरजेपेक्षा जास्त लक्ष देणेही घातक असते. कॅनडात १९५० च्या दशकात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बिअर सदाफुलीच्या पानांवर काम करीत होते, तेही मधुमेहासाठीच. साखर उतरली नाही. उलट अर्क टोचलेले उंदीर जंतुसंसर्गाने मरू लागले. शहाण्या माणसाने मेलेले उंदीर तक्त्यातून वगळले असते. यांनी ते का मेले याचा शोध घेतला, पांढऱ्या पेशी घटल्याचे त्यांना आढळले आणि त्या वाटेने व्हिनब्लास्टिन हे कर्करोगावरचे औषध निघाले. मधुमेहाचा निबंध तो शेवटपर्यंत झालाच नाही.

ज्यांना उंदरांची किळस आहे त्यांनी औषधांच्या गुणवत्तेकडे वळावे. पॅरासिटामॉलच्या पाच कंपन्यांच्या गोळ्या आणाव्यात, कंपन्यांची नावे झाकून त्यांना अ, ब, क, ड, इ म्हणावे, त्या फोडून, घासून, पाण्यात विरघळवून पाहाव्यात आणि पाचही गोळ्या फार्माकोपियाच्या, म्हणजे औषधांच्या अधिकृत मानकग्रंथाच्या, कसोटीला उतरल्याचे जाहीर करावे. एखादी उतरली नाही तर अन्न व औषध प्रशासनाला पत्र लिहावे लागेल, म्हणून ती पुन्हा तपासावी, उतरेपर्यंत.

खोकल्याच्या औषधाच्या वाटेला मात्र जाऊ नये. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य मिसळलेल्या ग्लिसरीनने १४ रुग्ण दगावले आणि न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने खरेदीपासून तपासणीपर्यंतची सगळी साखळी उघडी केली. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाड्याची अनेक मुले खोकल्याचे सिरप घेतल्यावर मूत्रपिंडे निकामी होऊन नागपूरच्या रुग्णालयांत दगावली. त्या सिरपमध्ये तेच द्रव्य ४८.६ टक्के निघाले, मर्यादा ०.१ टक्का असताना. त्याची प्राथमिक चाचणी मिश्रणातील द्रव्ये वेगळी करून दाखवणाऱ्या थिन लेअर क्रोमॅटोग्राफीच्या पट्टीवर होते, आणि तुमच्या अर्काचे रंगीत ठिपके दाखवणारे छायाचित्र ज्या पट्टीचे असते ती हीच. गावोगावची फार्मसी महाविद्यालये आपल्या तालुक्यातली सिरपे या पट्टीवर लावू लागली तर काय गहजब होईल, याची कल्पना करावी आणि पट्टी पुन्हा पाल्याकडे न्यावी.

निबंध छापून येण्याची काळजी नसावी. पैसे भरले की तीन दिवसांत तज्ज्ञांचे अनुकूल मत हाती देणारी नियतकालिके मुबलक आहेत. ती शोधण्याचा त्रासही नको, त्यांचीच निमंत्रणे ‘आदरणीय महोदय’ म्हणून रोज येत असतात. शेवटच्या परिच्छेदात ‘मानवी चाचण्यांची आवश्यकता आहे’ असे लिहावे, मात्र कोणी करावयाच्या ते लिहू नये. पानांचे काम असे संपले की पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्याला त्याच झाडाची साल द्यावी, आणि मूळ त्याच्या मागून येणाऱ्यासाठी राखून ठेवावे.