मावळ्यांकडे रेनकोट नव्हते, पण इरलं होतं की!

आषाढ लागला की पन्हाळगड–पावनखिंड मोहिमेच्या ग्रुपांवर एक मेसेज हटकून फिरतो. 'मावळ्यांकडे कुठे रेनकोट होते? तरी एका रात्रीत गेले. कपड्यांचे चोचले नकोत. आपल्या पावसात कुणी गारठून मरत नाही, फार तर रमचा एक घोट घ्या. ओढा गुडघ्याखाली असेल तर साखळी करून बिनधास्त उतरा.' यंदा तिघांनी पाठवला.

पहिलंच वाक्य घ्या. सह्याद्रीतला माणूस पावसात उघडा कधी फिरला? भातलावणीला बांबू-पानांचं इरलं डोक्या-पाठीवर, गुरांमागे घोंगडीची खोळ. लोकर भिजली तरी ऊब धरते, कापूस भिजला की पाणी धरून बसतो. त्या हिशेबानं धनगराची घोंगडी आपल्या जीन्सपेक्षा कैक पटीनं शहाणी. शिवाय जुलै १६६० मधली ती माणसं सिद्दी जौहरचं सैन्य पाठीवर असताना चालत होती. आपण दर वळणावर सेल्फीला थांबतो, आणि गारठा थांबलेल्यालाच गाठतो.

'कुणी गारठून मरत नाही' हे तर घातकच. त्याला बर्फ लागत नाही. शरीराच्या आतलं तापमान ३५ अंशांखाली उतरलं की हायपोथर्मिया. ओलं अंग, वारा आणि रिकामं पोट असेल तर बाहेर पंधरा अंश असतानाही ते होतं. मोहिमेच्या वाटेवरच्या मसाई पठारावर आडोसा नाही, पाऊस आडवा लागतो. यंदा आमच्यातला जीन्सवाला पठार संपता संपता गप्प झाला. थट्टेलाही उत्तर देईना. मग बुटाची नाडी बांधायला वाकला, तर बोटांना गाठच जमेना. 'ठीक आहे' म्हणताना जीभ जड. नुसती हुडहुडी असते तोवर ठीक. बोटं आणि बोलणं अडखळलं की थट्टा बंद करायची. खालच्या वाडीत एक मावशी आमच्यावरच खेकसल्या, "आत घ्या की त्याला आधी, बघत काय बसलाय?" ओले कपडे उतरवले, घोंगडीत गुंडाळून चुलीपासून हातभर लांब बसवलं, गुळाचा चहा दिला. अर्ध्या तासानं तो पुन्हा कुडकुडायला लागला, तेव्हा आमच्या जिवात जीव आला.

रम त्याच्याही सॅकमध्ये होती. दारूनं कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून गरम वाटतं; खरं तर आतली ऊब बाहेर जात असते. बाटली बंदच राहिली.

राहिला ओढा. गुडघा हे मापच चुकीचं, बघायचा तो वेग. पाणी गढूळ असेल, तळातून दगड गडगडल्याचा आवाज येत असेल, तर गुडघ्याखालच्या पाण्यातही पाय ठरत नाही. साखळीतला एक घसरला की शेजारच्याला घेऊन जातो. सह्याद्रीतले छोटे ओढे भरभर चढतात, तसेच पाऊस उघडला की उतरतात. दुसऱ्या दिवशी पांढरपाणी गावाच्या अलीकडे आम्ही दीड तास काठावर बसलो. मेसेज पाठवणाऱ्या तिघांपैकी एक सोबत होता, तो घड्याळ बघत पुटपुटत होता. ओले शेंगदाणे संपले. मधल्या ज्या दगडावरून पाणी उसळत होतं, त्याचं डोकं वर दिसायला लागलं, तेव्हा उठलो.